रिपोर्टवर ‘सिग्नेट रिंग’ लिहून आलंय, आता काय?

प्रश्न : माझा भाऊ ३४ वर्षांचा आहे. आठ महिने त्याचं पोट दुखत होतं, फुगत होतं, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. आधी ॲसिडिटी म्हणून आणि मग टेन्शनमुळे होतंय म्हणून औषधं झाली. वजन सात किलोंनी उतरलं, हिमोग्लोबिन ९ वर आलं. शेवटी एका रात्री उलट्या थांबेनात. आतडं बंद झालंय असं निघालं आणि तातडीचं ऑपरेशन करून मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढावा लागला. रिपोर्टमध्ये ‘सिग्नेट रिंग सेल कार्सिनोमा, टी३, एन२ए, २२ पैकी ५ लसिका ग्रंथींत आजार, मार्जिन मोकळे’ असं आहे. सीटी स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. मी इंटरनेटवर वाचत बसले आणि त्या दिवसापासून झोप उडाली आहे. सगळीकडे हा दुर्मीळ आणि फार वाईट कॅन्सर आहे असंच लिहिलंय. डॉक्टरांनी किमो सांगितली आहे. ती घ्यायची, की त्याला उरलेले दिवस शांतपणे जगू द्यायचे, यावरून घरात दोन तट पडलेत. भावाला ‘गाठ होती, काढून टाकली’ एवढंच सांगितलंय. त्याला चार वर्षांची मुलगी आहे. मी ३८ वर्षांची, मला दोन मुलं. आमच्या आत्या ४७व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेल्या, त्यामुळे हे आपल्या घराच्या नशिबातच आहे असं आई म्हणते. खरं काय ते सांगा.
— एक बहीण

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ती म्हणजे आत्यांची. तिच्याकडे सविस्तर येते, पण आधी घरातल्या वादाचं उत्तर देते, कारण त्यात दिवस जाताहेत. किमो घ्यावी. तुमचा भाऊ आज ‘उरलेले दिवस’ मोजायच्या जागी नाही. आजार लसिका ग्रंथींपर्यंत पोचलाय म्हणून हा तिसरा टप्पा. पण दिसणारा सगळा आजार ऑपरेशनमध्ये निघालेला आहे आणि पुढचे उपचार तो बरा व्हावा याच उद्देशाने द्यायचे आहेत. ऑपरेशनची जखम भरली, खाणंपिणं सुरू झालं की साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आत किमो सुरू झालेली बरी.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. काढलेल्या आतड्याच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून तुमच्या हातात आहे तसला रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे त्या शब्दांमागे काय असतं ते सांगू शकते.

मोठ्या आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये पेशी एकमेकींना धरून राहतात, वेड्यावाकड्या का होईना पण नळ्या बनवतात, आणि आतड्याच्या पोकळीत मांसाची गाठ वाढते. सिग्नेट रिंग प्रकारात पेशीच्या आत चिकट स्राव इतका साठतो की केंद्रक एका कडेला दाबलं जातं आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. गाठीतल्या निम्म्याहून जास्त पेशी अशा असतील तरच आम्ही हे नाव लिहितो. मोठ्या आतड्याच्या शंभर कॅन्सरमध्ये असा साधारण एकच सापडतो. १९५१ मध्ये लॉफमन आणि सॅफिर या दोघांनी मोठ्या आतड्यात सुरू झालेल्या अशा आजाराचं पहिलं वर्णन छापलं.

अंगठीच्या आकारापेक्षा त्या पेशींची एक सवय जास्त त्रासदायक आहे. त्या एकमेकींना धरून राहत नाहीत. पेशींना जोडून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन त्यांच्यात बऱ्याचदा कमी झालेलं असतं. मग त्या सुट्या सुट्या आतड्याच्या भिंतीत, आतल्या अस्तराच्या खालून पसरतात. भिंत जाड आणि ताठ होत जाते, पण पोकळीत गाठ दिसेलच असं नाही. रक्तही तुलनेने कमी जातं. कोलोनोस्कोपीत वरचं अस्तर जवळपास नीट दिसू शकतं, आणि वरवरचा तुकडा घेतला तर बायोप्सी कोरी येऊ शकते. आतडं अरुंद होऊन अडायला लागेपर्यंत पोटात फक्त कुरकुर चालू असते. दहापैकी सुमारे आठ रुग्णांचं निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर होतं ते यामुळेच. त्यात हा आजार तरुणांमध्ये त्या मानाने जास्त दिसतो, आणि तिशीतल्या माणसाच्या पोटदुखीत कॅन्सरचा विचार लवकर कुणाच्या मनात येत नाही.

तरीही एक सांगायला हवं. वजन सात किलोंनी उतरलं आणि हिमोग्लोबिन ९ झालं, त्या वेळी कोलोनोस्कोपी व्हायला हवी होती. तरुण पुरुषाचं रक्त कारणाशिवाय कमी होत नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं ध्यानात ठेवावं: वय काहीही असो, पोटाच्या तक्रारीबरोबर वजन घटत असेल किंवा रक्त कमी झालं असेल, तर केवळ गोळ्यांवर थांबू नका. तुम्ही मात्र स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं होतं, आणि जे सांगितलं ते केलं होतं.

आता तुमची झोप उडवणारे आकडे. कॅन्सर रुग्णांच्या मोठ्या नोंदवह्या पाहिल्या तर नेहमीच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये, सगळे टप्पे मिळून, शंभरातले साठच्या वर रुग्ण पाच वर्षांनी हयात असतात. सिग्नेट रिंगमध्ये शंभरातले साधारण पंचवीस ते तेहतीसच पाच वर्षांनी हयात असतात. हे तुम्ही बरोबर वाचलंत आणि मी ते गोड करून सांगणार नाही. पण त्या आकड्यात कोण कोण आहे ते बघा. निदानाच्या वेळीच पोटभर पसरलेले, ऑपरेशनच होऊ न शकलेले, वय आणि इतर आजारांमुळे किमो न मिळालेले, असे सगळे त्यात आहेत. तुमच्या भावाच्या बाजूने काही गोष्टी आहेत: मार्जिन मोकळे आहेत, म्हणजे कापलेल्या कडांवर आजार नाही, स्कॅनवर दूर कुठे आजार नाही, आणि सर्जनने २२ ग्रंथी काढून दिल्या आहेत. किमान १२ तपासाव्यात अशी अपेक्षा असते, तेव्हा अडलेल्या आतड्याच्या तातडीच्या ऑपरेशनमध्ये २२ म्हणजे चांगलं काम. विरोधात जाणाऱ्या गोष्टीही आहेत. पाच ग्रंथींत आजार आहे, ऑपरेशन तातडीचं होतं, आणि टप्पा तोच असला तरी तिसऱ्या टप्प्यात सिग्नेट रिंगचे रुग्ण नेहमीच्या प्रकारापेक्षा मागे पडतात. आजार उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. म्हणून तो काळ जपून काढायचा आहे.

‘मग किमोचा उपयोगच काय’ असं घरातला एक तट म्हणत असेल. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीतून २०१५ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला गेला. सिग्नेट रिंगचा पुढचा मार्ग खडतर असतो हे त्यात दिसलंच, पण तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना ऑपरेशननंतरच्या किमोचा फायदा नेहमीच्या प्रकाराइतकाच होतो हेही दिसलं. नेहमीची औषधं म्हणजे ५-एफयू किंवा तिची गोळी कॅपेसिटाबिन, जोडीला ऑक्सॅलिप्लॅटिन. एन२, म्हणजे चार किंवा जास्त ग्रंथींत आजार, असल्यामुळे तीन महिन्यांवर न थांबता सहा महिन्यांचा कोर्स सांगतील, असा माझा अंदाज आहे. ऑक्सॅलिप्लॅटिनने हातापायांना मुंग्या येतात, थंड पाण्याला हात लावला तरी झिणझिण्या येतात. हे भावाने प्रत्येक वेळी डॉक्टरांना सांगायचं, सोसत बसायचं नाही, कारण डोस कमी करता येतो आणि वेळेत केला नाही तर बधिरपणा मागे राहू शकतो. काही थोड्या लोकांच्या शरीरात ५-एफयू मोडणारं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. त्यांना पहिल्याच डोसला गंभीर त्रास होतो. त्यासाठी डीपीवायडी नावाची जनुकीय चाचणी आहे, ती आधी करता येईल का हे विचारा.

पण किमोची पहिली बाटली लागण्याआधी एक कागद हातात असायला हवा, आणि तुम्ही उतरवून पाठवलेल्या रिपोर्टमध्ये तो मला दिसला नाही. एमएमआर तपासणी. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करताना चुका होतात, आणि त्या दुरुस्त करणारी चार प्रथिनं असतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. काढलेल्या गाठीचे मेणातले ठोकळे पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेले असतात. त्यावरच ही तपासणी होते, भावाला पुन्हा सुई टोचायची गरज नाही. मोठ्या आतड्याच्या सगळ्या कॅन्सरमध्ये साधारण १५ टक्क्यांत या दुरुस्तीत बिघाड सापडतो. सिग्नेट रिंगमध्ये, त्यातही उजव्या बाजूच्या, तो याहून जास्त वेळा सापडतो.

बिघाड सापडला तर दोन दारं उघडतात. पहिलं उपचाराचं. अशा गाठीत चुका इतक्या साठलेल्या असतात की शरीराची प्रतिकारशक्ती तिला परकी म्हणून ओळखू शकते, आणि इम्युनोथेरपी त्या ओळखीला मोकळीक देते. पसरलेल्या आजारात पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध २०२० पासून पहिल्या पायरीवर दिलं जातं. तुमच्या भावासारख्या, ऑपरेशन झालेल्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२५ मध्ये ‘एटॉमिक’ नावाच्या चाचणीचे निकाल जाहीर झाले. एमएमआर बिघडलेल्या ७१२ रुग्णांच्या त्या चाचणीत नुसत्या किमोऐवजी किमोला ॲटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची जोड दिल्यावर, तीन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण सुमारे ७६ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेलं. ती चाचणी सिग्नेट रिंगपुरती नव्हती, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचा. तरी कॅन्सरतज्ज्ञांसमोर हा विषय काढावा इतका तो मोठा आहे, आणि तो काढायची वेळ किमो ठरवण्याआधीची आहे.

दुसरं दार कुटुंबाचं, आणि इथे तुमच्या आत्या येतात. १८९५ मध्ये मिशिगनमधल्या अल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, की मी तरुणपणीच जठराच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरने जाणार, कारण आमच्या घरात सगळे असेच जातात. त्या पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेल्या. वॉर्थिन यांनी ते बोलणं घराण्याची दंतकथा म्हणून सोडून दिलं नाही. त्या घराची वंशावळ मांडून १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अशी आणखी कुटुंबं समोर आणली, आणि १९९३-९४ मध्ये त्यामागची जनुकं हाती लागली. आज याला लिंच सिंड्रोम म्हणतात. वर लिहिलेल्या चार दुरुस्ती-प्रथिनांपैकी एकाचं जनुक आईकडून किंवा वडिलांकडून बिघडलेलं येतं, आणि आतडं व गर्भाशय या दोन जागी कॅन्सरचा धोका कमी वयात वाढतो.

३४ व्या वर्षी उजव्या बाजूचा सिग्नेट रिंग कॅन्सर आणि आत्यांना ४७ व्या वर्षी गर्भाशयाचा कॅन्सर. एका घरातल्या या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की माझ्या मनात पहिली शंका लिंचचीच येते. शंका आहे, निदान नाही. पण आईंना माझ्यातर्फे जरूर सांगा, की ज्याला त्या नशीब म्हणताहेत ते रक्ताच्या चाचणीत दिसू शकतं, आणि दिसलं तर त्यावर बरंच काही करता येतं. एमएमआरमध्ये बिघाड निघाला तर भावाची जनुकीय तपासणी करायची. खरं तर त्याचं वय पाहता, बिघाड नाही निघाला तरी जनुक सल्लागाराला भेटावं असंच मी म्हणेन. त्यांना आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांचे आजार सांगा. कुणाला जठराचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तोही, कारण सिग्नेट रिंग पेशींशी जोडलेला सीडीएच१ नावाचा वेगळा जनुकीय दोषही असतो.

आणखी एक तपासणी राहिली आहे असं दिसतं: जठराची दुर्बीण तपासणी. अशा पेशींचं नेहमीचं घर जठर आहे, आणि तिथून त्या आतड्यात उतरू शकतात. काढलेल्या भागावर सीके७, सीके२० आणि सीडीएक्स२ हे मार्कर, म्हणजे पेशींचं मूळ ओळखायच्या खुणा, तपासले असतील तर आतड्यातच सुरुवात झाली का याचा अंदाज येतो, पण जठर एकदा डोळ्यांनी बघितलेलं चांगलं. तातडीच्या ऑपरेशनमध्ये उरलेलं मोठं आतडंही तपासलेलं नसणार. त्याची कोलोनोस्कोपी पुढच्या तीन ते सहा महिन्यांत व्हायला हवी.

पेट स्कॅनसाठी मात्र हट्ट धरू नका. या पेशींमध्ये स्रावच जास्त असतो, त्या या स्कॅनसाठी टोचलेली साखर कमी ओढतात आणि स्कॅनवर फिक्या दिसतात किंवा दिसतच नाहीत. कोरा पेट स्कॅन पाहून खोटा दिलासा मिळतो. शिवाय हा कॅन्सर यकृतापेक्षा पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, पेरिटोनियमवर, जास्त जातो, आणि तिथले बारीक कण सीटीवरही निसटतात. म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांत स्कॅन ठीक असतानाही पोट फुगायला लागलं, पाणी साठलं, भूक मेली किंवा रक्तातला सीईए हा कॅन्सरचा मार्कर वाढत गेला, तर डॉक्टरांकडे लॅपरोस्कोपीचा, म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघण्याचा, विषय काढा. पोटात सोडायच्या गरम किमोबद्दल, हायपेकबद्दल, तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आजार दिसत नसताना निव्वळ खबरदारी म्हणून ती दिल्याने आयुष्य वाढतं असं चाचण्यांत दिसलेलं नाही. आज तुमच्या भावाला तिची गरज नाही.

आता ज्यावर मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे ते. भावाला सांगा. मला ठाऊक आहे की तुम्ही प्रेमापोटी लपवलंत. पण तो ३४ वर्षांचा बाप आहे आणि त्याच्या शरीराबद्दलचे निर्णय तुम्ही सगळे त्याच्या खोलीबाहेर घेताय. शिवाय एक निर्णय असा आहे जो त्याच्याशिवाय कुणीच घेऊ शकत नाही. किमोमुळे पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, आणि किमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय असते. त्यासाठी फार दिवस लागत नाहीत, किमो लांबतही नाही. नंतर विचारलंत तर ती संधी गेलेली असेल. ‘गाठ काढली’ एवढंच ठाऊक असलेल्या माणसाला हा प्रश्न कसा विचारणार? सहा महिने सलाइन लावून घेणाऱ्या माणसाला तो का घेतोय हे कळणारच आहे. ते बहिणीकडून कळावं, फाइलमधून नको.

सांगताना सगळं एका बैठकीत ओतू नका. त्याला आधी विचारा, की तुला काय वाटतंय, तुला किती जाणून घ्यायचंय. बहुतेकांना थोडीफार कल्पना आलेलीच असते. तो विचारेल तेवढ्याचं खरं उत्तर द्या. आकडे त्याने मागितले तरच सांगा, आणि सांगाल तेव्हा टप्प्यासकट सांगा. हे एकटीने जमणार नाही असं वाटलं तर डॉक्टरांना आधी कल्पना देऊन त्यांच्यासमोर बोला. त्याची बायको तिथे असू दे. छोटीला तिच्या भाषेत ‘बाबांच्या पोटात आजार आहे, औषधाने ते दमतील, तुझ्यामुळे काही झालेलं नाही’ इतकं सांगितलं तर पुरे. चार वर्षांची मुलं घरातलं दुःख स्वतःच्या चुकीशी जोडतात, म्हणून शेवटचा भाग विसरू नका.

राहिला तुमचा प्रश्न. जनुकीय तपासणीत काहीही निघो, तुमची कोलोनोस्कोपी आताच व्हायला हवी. सख्ख्या भावंडाला कॅन्सर झाला असेल तर चाळिशीला, किंवा त्याच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करतात. तुमच्या बाबतीत ते वय २४ होतं, ते केव्हाच मागे पडलंय. भावाची मुलगी २४ ची होईल तेव्हा तिचीही सुरू करायची. लिंचचं जनुक त्याच्यात सापडलं, तर ते तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी, आणि रक्ताच्या एका नमुन्यात ते कळतं. नसेल तर तुमच्या मुलांकडे ते तुमच्याकडून जाणार नाही. असेल तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून गाठ कॅन्सर होण्याआधीच काढता येते, आणि गर्भाशयासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांशी वेगळं बोलावं लागेल. तोवर पाळीशिवाय रक्तस्राव झाला तर अंगावर काढू नका. मुलं लहान आहेत, त्यांची चाचणी आज करायची नाही, ती मोठी झाल्यावर स्वतः ठरवतील. वडिलांच्या बाजूच्या चुलत-आत्ये भावंडांनाही कळवावं लागेल. आत्यांच्या मुलांना सगळ्यात आधी.

या आठवड्यात दोन कामं करा: ज्या लॅबमध्ये ठोकळे आहेत तिथे एमएमआरची मागणी नोंदवा, आणि भावाशी बोला. निकाल आला की मला परत लिहा. चारपैकी कुठलं प्रथिन गेलंय ते नावानिशी कळवा. एमएलएच१ गेलं असेल तर तो बिघाड जन्मजात आहे की गाठीतच झालाय हे तपासायला आणखी एक चाचणी लागेल, ती कोणती हे त्या वेळी सांगते.